मिटलेल्या डोळ्यांचा संत

आमच्या पोरूरच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीला लागून एक खोली आहे. तिथे सव्वीस वर्षं मी चिंचोके कुटते आहे. लग्न होऊन सांगलीहून आले तेव्हा आईने बजावून पाठवलं होतं की मद्रासला रोज इडलीचं पीठ वाटावं लागेल, तयारीत राहा. ते तर वाटलंच, वर हे चिंचोके. तंजावरच्या पद्धतीचं चित्र करायचं तर आधी फळीवर कापड चिकटवायचं असतं, आणि ते चिंचोक्यांच्या खळीनेच चिकटवायचं असा मामंजींचा हट्ट. बाजारात बाटलीतला गोंद मिळतो. सगळं जग तो वापरतं. आमच्याकडे चालत नाही.

मामंजी म्हणजे माझे सासरे, वय चौऱ्याऐंशी. त्यांचे पूर्वज कधीतरी राजाबरोबर तंजावरला उतरले आणि परत जायचं विसरले. मामंजींनी जन्मभर एका कचेरीत कारकुनी केली, पण सकाळचे दोन तास आणि अख्खा रविवार चित्रांचा. लोणी खाणारा कृष्ण, गजलक्ष्मी, पट्टाभिषेकाचा राम. त्यांच्या मराठीत निम्मे शब्द तमिळ आणि उरलेले पोथीतले. माझं सांगलीचं बोलणं ऐकून पहिली दोन वर्षं ते सासूबाईंना विचारायचे, "ही मुलगी बोलते आहे की भांडते आहे?" दोन्ही, मामंजी. दोन्ही.

कामाची वाटणी हळूहळू झाली, कोणी बसून केली नाही. आधी नुसती खळ माझ्याकडे होती. मग खडूच्या भुकटीचा लेप देऊन फळी घासून गुळगुळीत करणं आलं. मग दागिन्यांच्या जागी लेप उंच करून खडे बसवणं, त्यावर सोन्याचा पत्रा चढवणं, मग रंग. सासूबाई गेल्यावर सगळंच माझ्यावर आलं. गेली दोन वर्षं तर रेखाटनही मीच करते. मामंजी शेजारी बसतात, अंगठ्याने लेपाचा उंचवटा चाचपतात आणि "सरि, सरि" म्हणतात. सरि म्हणजे ठीक.

फक्त डोळे त्यांचे.

डोळे सगळ्यांत शेवटी उघडायचे. सकाळी अंघोळ करून, उपाशीपोटी. त्या वेळी खोलीत दुसरं कोणी थांबायचं नाही. मामंजी डोळे काढतात, मग चित्रासमोर आरसा धरतात, म्हणजे देवाची पहिली नजर आरशात पडते, माणसावर पडत नाही. मग आम्हाला हाक. आणि एकदा उघडलेला डोळा पुन्हा कधीही पुसायचा नाही, त्याला हात लावायचा नाही. ह्या घरात माझ्या हातून दूध उतू गेलं, सोन्याचा पत्रा फाटला, एकदा तर अख्खी गजलक्ष्मी पाण्यात पडली, सगळं खपून गेलं. पण ते खपलं नसतं.

सव्वीस वर्षांत मी एकही डोळा उघडला नव्हता. मला उघडायचा होता का? होता. खोटं कशाला बोलू? मुकुट, हार, कंकणं, पितांबर सगळं मी करायचं आणि शेवटच्या दहा मिनिटांसाठी मला बाहेर काढायचं. लोकांना सांगायचं, "अप्पांच्या हातचं चित्र," म्हणजे मामंजींच्या. मी बाहेर स्वयंपाकघरात उभी राहून कुकरच्या शिट्ट्या मोजायची.

आणि मग, दोन वर्षांपूर्वी, मामंजींची नजर गेली. सगळी नाही. डोळ्यांच्या डॉक्टरने आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की मधलं दिसणं गेलंय, कडेकडेचं तेवढं राहील, ऑपरेशनचा उपयोग नाही. मामंजींनी घरी येऊन जाहीर केलं, "थोडे धूसर आहे, एवढेंच." आम्हीही मान डोलावली. तेव्हापासून ते कावळ्यासारखी मान तिरकी करून बघतात, आणि आम्ही ते बघत नाही असं दाखवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तरी डोळे ते काढत राहिले आणि बरे येत राहिले. कारण आमचे देव सगळे समोर तोंड करून असतात. गोल चेहरा, मधे नाक, दोन्ही बाजूंना मासोळीसारखे डोळे. साठ-सत्तर वर्षं हाताने तेच केलेलं. अंगठा नाकाच्या उंचवट्यावर ठेवायचा, तिथून अंतर हातालाच ठाऊक. आमचे हे इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहेत. पहाटे पावणेसहाची कंपनीची बस. ते जाता जाता मला एवढंच सांगायचे, "चालू दे अप्पांचं. हात थांबला की अप्पा थांबतील." हे मलाही दिसत होतंच. सासूबाई गेल्या तेव्हा हा माणूस तेराव्या दिवशी उठला तो फळीवर एक राम अर्धा होता म्हणून.

अशा वेळी फादर आले.

पूनमल्लीच्या पुढे हायवेला एक लहानसं चर्च आहे, तिथले हे तरुण फादर. कोणाच्या तरी घरी आमचा कृष्ण पाहून पत्ता काढत आलेले. पिशवीतून त्यांनी एका चित्राची छापील प्रत काढली आणि मामंजींसमोर धरली. घोड्यावर बसलेला एक संत ड्रॅगनशी लढतोय. हेच चित्र तंजावर पद्धतीने, सोनं-खडे लावून हवं होतं, चर्चच्या सणासाठी.

मूळ चित्र युरोपातलं, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं. फादर म्हणाले, त्या चित्रकारांना प्रतीकवादी म्हणत. डोळ्यांना दिसतं ते सोडून मनात असतं ते काढणारे. मी ओले हात पुसत बघितलं. सगळीकडे राखाडी-निळं धुकं. घोडाही त्याच धुक्याचा. ड्रॅगन आग वगैरे ओकत नव्हता, घोड्याच्या पायांभोवती वेटोळं घालून पडला होता, आणि धुकं कुठे संपतं, तो कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. भाला त्याच्या मानेत गेलेला होता. पण संताच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा मागमूस नाही. मान एका बाजूला वळून खाली झुकलेली, पापण्या मिटलेल्या. आज मारला, उद्या पुन्हा मारावा लागणार हे पुरतं माहीत असलेला माणूस. आमचे हे संध्याकाळी बसमधून उतरतात तेव्हा अगदी असेच दिसतात. मीही दिसत असेन. मला कोण बघतंय म्हणा.

मामंजींनी मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं. मग मला मराठीत विचारलं, "ह्याचे डोळे कुठे आहेत?"

"मिटलेत, मामंजी."

"मिटलेत?" ते एकदम तमिळमध्ये फादरवर घसरले. "लढणारा खाली मान घालून डोळे मिटेल तर भाला कुठे लागेल? आणि लोकांनी दर्शन घ्यायचं कोणाचं? देव आपल्याकडे बघतो म्हणून आपण देवाकडे जातो."

फादर शांत माणूस. म्हणाले, "अय्या, आमच्याकडे येतात त्या जास्त करून ओरगडमच्या फॅक्टऱ्यांतल्या मुली आहेत. हॉस्टेलवर राहतात, शिफ्ट संपवून येतात. डोळे वटारून बघणारे त्यांना दिवसभर भेटतात. हा एक तरी त्यांच्यासारखा दमलेला असू दे."

"बघू," मामंजी म्हणाले. फादरना तो होकार वाटला. मला मामंजींचं 'बघू' माहीत होतं, पण मी मूग गिळून बसले. तिथेच बोलायला हवं होतं.

पुढचे अडीच महिने नुसती हमाली. मे महिना, चेन्नईची हवा, लेप वाळता वाळेना. कंबर धरायची, मान धरायची. धुकं कसं काढायचं हे तंजावर पद्धतीत कोणी सांगून ठेवलेलं नाही, तेव्हा मी सोन्याच्या पत्र्यावर बारीक ठोके मारून ढग केले. ड्रॅगन मामंजींना कळेना. शेवटी म्हणाले, "देवळाच्या खांबावर याळी असते ना, तशी कर." सिंहाचं तोंड, सापाचं शेपूट, बटबटीत डोळ्याची जागा. याळी मी झोपेतही काढेन. चेहरा मात्र मी मूळ चित्रासारखाच ठेवला, एका बाजूला वळलेला, खाली झुकलेला. पापण्यांची जागा कोरी सोडली. डोळे माझे नव्हेत.

शेवटच्या आठवड्यात मी म्हटलं, "मामंजी, ह्याला उघडायचं काही नाही हं. नुसत्या दोन रेषा."

ते हसले. "इतके सोने अंगावर घातलेस आणि आंधळा ठेवतेस होय?"

"आंधळा नाही, मिटलेले आहेत. फादर बोललेत ना तसं."

"फादर लहान आहे. एकदा उघडलेले पाहील, मग बोलणार नाही."

मी चिडले. खरंच चिडले. पण ते मान तिरकी करून, अंगठ्याने संताचं नाक शोधत होते. आणि मला आमच्या ह्यांचं वाक्य आठवलं, हात थांबला की अप्पा थांबतील. आता मामंजींना काय सांगणार होते मी? की मामंजी, चेहरा वळलेला आहे आणि तुम्हाला तो दिसत नाही? गिळलं आणि खळीचं भांडं घासायला गेले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी अंघोळ केली, कपाळाला गंध लावलं आणि मला बाहेर काढलं. नेहमी दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी पाऊण तास लागला. मग हाक आली. आत गेले तर ते घामाने निथळत होते, पण चेहरा कसा, लहान मुलाने पहिल्यांदा सायकल चालवून दाखवावी तसा. "ये. सांग."

मी बघितलं. याळीचा डोळा अप्रतिम आला होता. बुबुळ, लाल कड, चकाकीचा पांढरा ठिपका, सगळं जिथल्या तिथे. त्या जनावराला ते साठ वर्षं ओळखत होते.

संताचे डोळे त्यांनी समोरच्या चेहऱ्याचे काढले होते. वळलेल्या चेहऱ्यावर. एक डोळा नाकाच्या दांडीवर आला होता आणि दुसरा पार कानापाशी. दोन्ही टक्क उघडे. अडीच महिने मी ज्या माणसाला दमलेला करत होते तो आता वेडा दिसत होता. मला रडू येईल असं वाटलं, आणि लाज वाटते सांगायला, हसूही.

"सांग की ग. कसे झाले?"

"छान झालेत, मामंजी."

एवढंच बोलले मी. दोन शब्द. त्यांनी स्वतःचे डोळे टिपले, कॉफी मागितली, आणि त्या दिवशी दोन डोसे जास्त खाल्ले.

संध्याकाळी आमचे हे आले. बूट न काढताच चित्रासमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "अय्यो."

"रविवारी फादर येणार न्यायला. काय करायचं?"

ते खुर्चीत बसले, डोकं मागे टेकलं. "तूच बघ ना काहीतरी."

तूच बघ! सव्वीस वर्षं हेच ऐकते आहे. मुलीची शाळा, सासूबाईंचं दुखणं, गॅसवाला, पाण्याचा टँकर, तूच बघ. मी भांडी अशी आपटली की खालच्या मजल्यावरची बाई दुसऱ्या दिवशी विचारत होती, काही पडलं का.

शनिवारी सकाळी मामंजी वॉचमनबरोबर गेटपर्यंत फिरायला गेले. रोज जातात, अर्धा तास लागतो. मी दार लावलं, कापूस ओला केला आणि ते डोळे पुसले. रंग ताजा होता, चार हातांत निघाला. ह्या घरात जे कधीच कोणी केलं नव्हतं ते मी उभ्या उभ्या केलं. खाली पांढरा लेप दिसायला लागला. मग बारीक ब्रश घेतला, दोन पापण्या काढल्या, खाली किंचित सावली दिली, पापण्यांच्या कडेला केसाएवढ्या रेषा. हात जरासुद्धा हलला नाही. दहा मिनिटांत तो माणूस परत दमला, आणि इतका चांगला दमला की मला सुख झालं. म्हाताऱ्याचे डोळे पुसून सुख झालं मला. त्याचीही शरम वाटली, पण सुख झालं ते झालंच.

मनात हिशेब सोपा होता. मामंजींना मधलं दिसत नाही. रविवारी फादर येतील, चित्र नेतील, विषय संपेल.

रविवारी फादर आले. चित्रासमोर उभे राहिले. मग वळले आणि सरळ मामंजींच्या पाया पडले.

"अय्या, मी खरं सांगतो, मला भीती होती. वाटलं होतं तुम्ही डोळे उघडणार. तुमची इतक्या वर्षांची पद्धत. पण तुम्ही माझ्या मुलींसाठी डोळे मिटलेले ठेवलेत. मी हे विसरणार नाही."

मी दाराची कडी धरून उभी होते. मामंजींनी हात नुसता उचलला, फादरच्या डोक्यावर ठेवायला, तो अर्ध्यातच थांबला. मग ठेवला. "मागणाऱ्याला हवे तसे द्यावे," ते तमिळमध्ये म्हणाले. आवाज नेहमीचा. फादर आणि त्यांच्याबरोबर आलेले दोघे चित्र चादरीत गुंडाळून जिन्याने खाली गेले. लिफ्ट बंद होती. मी वरून "सावकाश, सावकाश" ओरडत राहिले, कारण आत जायचा धीर नव्हता.

आत गेले तेव्हा मामंजी फळीच्या रिकाम्या जागेसमोर बसले होते. मी तयारीत होते. उघडलेले डोळे पुसलेस, पाप केलेस, घराण्याचं नाव घालवलंस, सगळं ऐकून घ्यायची तयारी होती. परत ऐकवायचीही होती, खरं तर.

त्यांनी विचारलं, "किती चुकले होते?"

मी ब्रश आवरायला लागले.

"सांग. किती?"

"एक नाकावर होता," मी म्हटलं, "आणि एक कानाजवळ."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आणि दोन वर्षांतले बाकीचे?"

"ते सगळे बरोबर आहेत, मामंजी. शपथ. समोरचे चेहरे होते ते, त्यात काही चुकलेलं नाही."

"शुक्रवारीही छान झालेत म्हणालीस."

मी पदराने हात पुसत राहिले.

"फोन आण," ते म्हणाले. "ज्यांच्या घरी गेले त्यांस लाव. आवाज मोठा कर. तू बोलू नको."

दोन वर्षांत नऊ चित्रं गेली होती. मी एकेकाला फोन लावत गेले आणि स्पीकर चालू करून फोन त्यांच्या पुढ्यात ठेवत गेले. नंगनल्लूरच्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, डोळे छानच आहेत की, का हो? मामंजी म्हणाले, "असं नको, अम्मा. उठा. चित्रासमोर जाऊन उभ्या राहा. आता सांगा, दोन्ही डोळे एका रेषेत आहेत?" त्यांच्या चपलांचा आवाज आला, मागे कुकर वाजत होता. हो, एका रेषेत आहेत. आवडी नावाच्या उपनगरात क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या गृहस्थांना वाटलं कोणी बँकेतून फसवतंय, त्यांनी दोनदा फोन कापला, तिसऱ्यांदा उठून बघून आले. सरळ आहेत. दोघांनी उचलला नाही. बाकीचेही सरळच म्हणाले. मामंजी प्रत्येकाला तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारत होते, आणि प्रत्येकाचं ऐकून घेतल्यावर मान डोलावत होते. त्या परक्या माणसांचं त्यांना पटत होतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

शेवटचा फोन एका बाईंना होता, त्यांच्याकडे पट्टाभिषेकाचा राम आहे. त्या जरा घुटमळल्या. "रामाचा उजवा डोळा थोडासा मोठा आहे, अय्या. पण आम्हाला वाटलं, तसाच असतो."

"किती मोठा?"

"जास्त नाही. तांदळाएवढा."

मामंजींनी त्यांचे आभार मानले. मी फोन बंद केला. तो तांदूळ मला माहीत होता. गेल्या दिवाळीच्या आधी ते चित्र पुरं झालं तेव्हाच दिसला होता, आणि तेव्हाही त्यांनी विचारल्यावर मी छान झालेत म्हटलं होतं. मामंजी समजले, हे मला त्यांच्या तोंडाकडे न बघताही कळलं.

"पोदुम," ते म्हणाले. पुरे. गुडघ्यांवर हात टेकून उठले, भिंत चाचपत दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले.

"पुढच्या चित्राचे डोळे तू उघड," ते म्हणाले. "हात चांगला आहे तुझा. पण कसे झाले, ते मजला सांगूं नको."